वर्गांतील शेवटच्या मुलाचें उत्तर

शाळांचा इतिहास लिहितांना इतिहासकार बहुधा इमारती, कायदे, अनुदानें आणि विद्यार्थ्यांची संख्या यांचा हिशेब मांडतात. हा हिशेब आवश्यक आहे. परंतु तो पुरा झाला तरी एक प्रश्न शिल्लकच राहतो. दरवाजांतून आंत आलेलें मूल आंत आल्यावर काय करीत होतें? तें बोलत होतें कीं गप्प बसलें होतें? गुरुजींनीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर देण्याचा प्रसंग त्याच्यावर दिवसांतून किती वेळां येत होता? चाळीस मुलांच्या वर्गांत पुढच्या रांगेंतील चारपांच हुषार मुलें उत्तरें देतात आणि उरलेलीं तीं ऐकतात, हें दृश्य आजहि कोठेंहि पाहावयास मिळतें. प्रत्येक मुलाला बोलतें कसें करावें, हा प्रश्न नव्या शिक्षणशास्त्रानें शोधून काढला असा एक समज आहे. वस्तुतः तो शाळेइतकाच जुना आहे, आणि महाराष्ट्रानें त्याला वेळोवेळीं दिलेलीं उत्तरें मोठीं बोधप्रद आहेत.

या इतिहासाचा धागा हातीं घेण्यास कोल्हापूरची मंगळवार पेठ सोयीची आहे. आणि त्याचें कारण तेथील एखादी शाळा नसून तेथील तालमी हें आहे. वारांच्या नांवांनीं ओळखल्या जाणाऱ्या कोल्हापुरांतील जुन्या पेठांपैकीं ही एक. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम हीं नांवें आज तेथील फुटबॉलच्या संघांमुळें गांवोगांव पोंचलीं आहेत. पण त्या नांवांतील ‘तालीम’ हा शब्द कुस्तीच्या मातीची आठवण देतो. शाहू छत्रपतींनीं बांधविलेलें खासबागेचें कुस्तीचें मैदानहि याच परिसरांत, १९१२ सालीं उभें राहिलें. ‘तालीम’ हा शब्द मूळचा अरबी. ‘इल्म’ म्हणजे ज्ञान, आणि ‘तालीम’ म्हणजे ज्ञान देणें, शिकविणें. मराठी माणसानें हा शब्द पाठशाळेला न देतां कुस्तीच्या घराला दिला, आणि ‘उस्ताद’ या फारशी शब्दाचा ‘वस्ताद’ करून तेथील गुरूला बहाल केला. यांत केवळ योगायोग असेल. परंतु शिकविणें म्हणजे काय, याचा एक नमुना मात्र तालमीनें पेठेच्या डोळ्यांसमोर सतत ठेवला.

तालमींतील शिकवणीचा विशेष असा कीं, तेथें नुसता ऐकणारा शिष्य असूं शकत नाहीं. जोर काढावयाचे ते प्रत्येकानें, बैठका मारावयाच्या त्या प्रत्येकानें, आणि हौद्यांतील माती अंगाला लागल्यावांचून कोणाचाहि दिवस पुरा व्हावयाचा नाहीं. वस्तादानें डाव एकदां दाखविला कीं तो लागलीच जोडीदारावर करून पाहावयाचा. चुकला तर ती चूक वस्तादाला, जोडीदाराला आणि स्वतःलाहि तत्क्षणीं कळते. शिवाय, जोड कोणाची कोणाशीं लावावयाची हें वस्ताद पारखून ठरवितो. अगदीं वरचढ गडी समोर असेल तर नवशिका डाव टाकण्यास धजत नाहीं, आणि अगदीं दुबळा असेल तर कांहीं शिकत नाहीं. प्रत्येकानें करावयाचें, चूक तत्काळ दिसावयाची आणि जोड पेलण्यासारखी असावयाची, हीं तीन तत्त्वें तालमीनें कोणत्याहि ग्रंथाच्या आधारावांचून पाळलीं. वर्गांतील शिक्षणाचा इतिहास याच तीन तत्त्वांच्या कसोटीवर घासून पाहतां येतो.

जुन्या पंतोजीच्या शाळेंत यांपैकीं पहिलें तत्त्व पुष्कळ अंशीं पाळलें जाई. ही शाळा एखाद्या देवळाच्या ओवरींत किंवा सावकाराच्या वाड्याच्या पडवींत भरे. फळीवर बारीक धूळ पसरून तींत मूल बोटानें अथवा काडीनें अक्षर काढी; ‘धुळाक्षरें’ हा शब्द मराठींत तेथूनच आला. अक्षर चुकलें कीं तळहात फिरवावा आणि पुन्हां काढावें. कागद महाग असलेल्या काळांत चूक करण्याची एवढी मोकळीक दुसऱ्या कोणत्याहि साधनानें दिली नसती. पाढ्यांच्या वेळीं सारी शाळा एका आवाजानें बोले. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचेहि पाढे एक मोठा मुलगा पुढें म्हणे आणि बाकीचीं मुलें त्याच्यामागून म्हणत. दिवेलागणीला घरोघर परवचा होई तोहि याच रीतीचा. या सामुदायिक घोषांत गप्प राहण्याची कोणाला सोय नव्हती, आणि एकट्यानें बोलण्याची भीतीहि नव्हती. बुजऱ्या मुलाला दहा जणांच्या आवाजाचा आधार मिळे व त्याची जीभ सैल होई.

परंतु हाच आधार पडद्याचेंहि काम करी. नुसते ओठ हलविणारें मूल आणि पाढा खरोखर येणारें मूल यांत बाहेरून भेद दिसत नसे. तो दिसे तेव्हां छडीच्या वेळीं दिसे. म्हणजे चूक कळावयाची ती शिक्षेच्या रूपानें. एकत्र म्हणण्यानें सर्वांचा आवाज मिळतो, पण प्रत्येकाची समजूत मिळत नाहीं, हा पंतोजीच्या शाळेचा धडा होय.

या धुळाक्षरांची पुढील कथा विलक्षण आहे. अँड्र्यू बेल नांवाचे स्कॉटिश धर्मोपदेशक १७८९ पासून मद्रासजवळील एग्मोर येथें लष्करांतील लोकांच्या अनाथ मुलांच्या शाळेचे प्रमुख होते. एकदां त्यांनीं एका देशी शाळेंत मुलें वाळूंत बोटानें अक्षरें गिरवीत आहेत असें पाहिलें, आणि तीच रीत आपल्या शाळेंत आणली. शिक्षकांचें सहकार्य मिळेना, तेव्हां मोठ्या मुलांकडून लहान मुलांना शिकविण्याची देशी पद्धतिहि त्यांनीं उचलली. १७९७ सालीं त्यांनीं हा प्रयोग इंग्लंडांत प्रसिद्ध केला. त्याच सुमारास लंडनमध्यें जोसेफ लँकेस्टर यांनीं गरीब मुलांची शाळा काढली होती. तिचीहि व्यवस्था अशीच होती. शेंकडों मुलें एकाच दालनांत बसावयाचीं आणि मॉनिटरांनीं त्यांना शिकवावयाचें, अशी ही ‘मॉनिटर पद्धति’ थोड्याच वर्षांत युरोप-अमेरिकेंत पसरली.

लँकेस्टरच्या शाळेंतील एक गोष्ट या विषयाच्या दृष्टीनें मोठ्या महत्त्वाची आहे. तेथें प्रत्येक मुलाजवळ दगडी पाटी असे. मॉनिटरनें शब्द सांगावा, सर्वांनीं तो लिहावा, आणि ‘पाट्या दाखवा’ असा हुकूम होतांच सर्वांनीं एकदम पाट्या समोर धराव्या. मॉनिटर रांगेंतून फिरून प्रत्येक पाटी पाही. सामुदायिक घोषांत जें साधत नव्हतें तें येथें साधलें. सर्वांनीं एकाच वेळीं उत्तर द्यावयाचें, तरी प्रत्येकाचें उत्तर निराळें दिसावयाचें. बोलण्याचें भय नाहीं, आणि शेजाऱ्याच्या आवाजांत लपण्याची सोयहि नाहीं. आज पाश्चात्य देशांतील शाळांतून मुलांच्या हातीं छोटे पांढरे फळे देऊन ‘दाखवा’ म्हणतात, त्यांचें मूळ या पाट्यांत आहे. आणि त्या पाट्यांच्या मागें कोठें तरी हिंदुस्थानांतील मुलाचें धुळींत फिरणारें बोट आहे.

मग ही पद्धति परत हिंदुस्थानांत आली ती विलायती पोषाख करून. १८२२ सालीं मुंबईत एतद्देशीयांच्या शिक्षणासाठीं शाळापुस्तक मंडळी स्वतंत्रपणें काम करूं लागली. मंडळीच्या समितीनें देशी शाळांची पाहणी करून चार मुख्य उणीवा दाखविल्या: चांगलीं पुस्तकें नाहींत, शिकविण्याची सोपी रीत नाहीं, योग्य शिक्षक नाहींत आणि पैसा नाहीं. रीतीची उणीव भरून काढण्यासाठीं लँकेस्टरची पद्धति देशी शाळांना जुळती करून घ्यावी, असें समितीचें मत पडलें. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखालीं मराठी शिक्षक तयार झाले आणि १८२६ च्या सुमारास ते जिल्ह्यांतील शाळांवर जाऊं लागले. पण या पद्धतींतहि एक व्यंग होतें. मॉनिटर स्वतः मूलच असल्यामुळें उत्तर बरोबर कीं चूक एवढेंच त्याला कळे. चूक कां झाली हें त्याला कळत नसे. तालमींतील वस्ताद डाव फसण्याचें कारण पायांत आहे कीं कमरेंत, हें ओळखतो. मॉनिटरपाशीं ती नजर नव्हती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सरकारी अनुदान परीक्षेच्या निकालावर अवलंबून ठेवण्याची प्रथा मुंबई इलाख्यांत रूढ झाली. इन्स्पेक्टरसाहेबांसमोर जितकीं मुलें उत्तीर्ण होतील तितका पैसा. सरकारचा हेतु प्रत्येक मूल तपासलें जावें हा होता. परंतु परिणाम असा होऊं लागला कीं, उत्तीर्ण होण्याजोग्या मुलांवर शिक्षकांचें सारें लक्ष खिळलें आणि नापास होणार हें ठरलेलीं मुलें मागच्या रांगेंत पडून राहिलीं. ही प्रथा विसाव्या शतकाच्या प्रारंभीं मोडली, तरी मागची रांग मात्र राहिली.

आणि त्या रांगेच्याहि पलीकडे एक रांग होती. तिच्यांतील मुलें मुळीं वर्गांतच नव्हतीं. १८४८ सालीं जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत मुलींची शाळा काढली ती याच जाणिवेनें. १८८२ मध्यें हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत जोतीरावांनीं प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचें करावें असें मागितलेंच, शिवाय शिक्षक शक्य तोंवर शेतकरीवर्गांतून घ्यावे असेंहि सुचविलें. त्या सूचनेंत शिक्षणशास्त्राचें मर्म आहे. ज्या गुरुजींना मुलाच्या घरची भाषा व घरचें काम ठाऊक नाहीं, त्यांच्यासमोर तें मूल तोंड उघडीत नाहीं.

तोंड उघडणें हा केवळ स्वभावाचा प्रश्न नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना साताऱ्याच्या शाळेंत इतरांपासून दूर, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावें लागे. पुढें मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलांत शिक्षकांनीं त्यांना एक उदाहरण सोडविण्यासाठीं फळ्यापाशीं बोलाविलें, तेव्हां वर्गांत एकच गलका झाला. कारण फळ्यामागें इतर मुलांनीं आपले जेवणाचे डबे ठेवले होते, आणि ते विटाळतील अशी त्यांना धास्ती पडली. धनंजय कीर यांनीं बाबासाहेबांच्या चरित्रांत हा प्रसंग नोंदविला आहे. शिक्षकानें प्रश्न विचारला होता. विद्यार्थ्याला उत्तर येत होतें. आड आले ते डबे. सर्वांना उत्तराची संधि द्यावी असें जेव्हां शिक्षणशास्त्र सांगतें, तेव्हां या डब्यांचा विचार त्यानें प्रथम करावयास हवा.

कोल्हापूर संस्थानानें तो केला. गोपाळ कृष्ण गोखले यांचें शालेय शिक्षण कोल्हापुरांत झालें होतें. त्यांनीं १९११ सालीं मध्यवर्ती कायदेमंडळांत मांडलेलें प्राथमिक शिक्षणाचें विधेयक १९१२ च्या मार्चमध्यें १३ विरुद्ध ३८ मतांनीं फेटाळलें गेलें. ब्रिटिश हद्दींत जें घडलें नाहीं तें देशी संस्थानांत घडूं शकलें. बडोद्यांत सयाजीरावांनीं १९०६ पासून सक्तीचें शिक्षण राज्यभर लागू केलें होतें. कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें, आणि मूल शाळेंत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. १९१७-१८ मध्यें अशा शाळा २७ आणि विद्यार्थी १,२९६ होते. १९२१-२२ पर्यंत शाळा ४२० आणि विद्यार्थी २२,००७ झाले. १९१९ सालीं त्यांनीं अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वसाधारण शाळांत इतरांबरोबर घेण्याचा हुकूम काढला. पुढच्याच वर्षीं कागल जहागिरींतील माणगांव येथें परिषद भरली, आणि तेथें शाहू छत्रपति व आंबेडकर एका व्यासपीठावर आले.

या दोन हुकुमांनीं दोन दरवाजे उघडले. पहिला शाळेचा दरवाजा. दुसरा वर्गांतील बैठकीचा, म्हणजे एकाच रांगेंत शेजारीं बसण्याचा. परंतु तिसरा एक दरवाजा असा आहे कीं तो कोणत्याहि हुकुमानें उघडत नाहीं. शेजारीं बसलेल्या मुलाला प्रश्न विचारला जाईल काय, आणि तें उत्तर देईपर्यंत वर्ग थांबेल काय, हें राजाला ठरवितां येत नाहीं. तें शिक्षकाला रोज, प्रत्येक तासाला ठरवावें लागतें. हजेरीपटावर नांव येणें आणि वर्गांत आवाज उमटणें यांमधील हें अंतर तोडणें हेंच पुढच्या शतकाचें काम ठरलें.

ट्रेनिंग कॉलेजांतून त्या कामाची तयारी होत होती. हर्बर्ट या जर्मन तत्त्वज्ञाच्या अनुयायांनीं पाठाच्या पांच पायऱ्या ठरविल्या होत्या: पूर्वतयारी, विषयप्रतिपादन, तुलना, सामान्यीकरण आणि उपयोजन. ही पंचपदी मराठी शिक्षकांच्या कित्येक पिढ्यांनीं घोकली. तिच्याबरोबर प्रश्न विचारण्याचे नियमहि आले. प्रश्न प्रथम सर्व वर्गाला विचारावा, क्षणभर थांबावें, आणि मगच एकाचें नांव घ्यावें. कारण नांव आधीं घेतलें कीं बाकीच्यांचें डोकें विश्रांति घेतें. ज्याचें उत्तर होय किंवा नाहीं एवढेंच आहे, असा प्रश्न टाळावा. एकाच कोपऱ्यांतील मुलांना पुन्हां पुन्हां विचारूं नये. हे नियम साधे दिसतात, पण त्यांतील ‘क्षणभर थांबावें’ हा नियम पाळणें सर्वांत कठीण. अमेरिकेंतील मेरी बड रो यांनीं वर्गांतील संभाषणें ध्वनिमुद्रित करून १९७४ सालीं दाखवून दिलें कीं, प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरीनें सुमारें एक सेकंदच थांबतात. हा अवधि तीन सेकंदांवर नेला तर उत्तरें लांबतात, निरुत्तर राहणाऱ्यांची संख्या घटते, आणि मंद समजलीं गेलेलीं मुलें बोलूं लागतात. दोन सेकंदांचें मौन, एवढीच त्या सुधारणेची किंमत. ना इमारत लागते, ना अनुदान.

महाराष्ट्रांत याहून मूलगामी प्रयोग ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनीं केला. १९४५ सालीं बोर्डी येथें आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर त्यांनीं आदिवासी मुलांसाठीं काम केलें. जें मूल शाळेंत येत नाहीं त्याच्याकडे शाळेनें जावें, हें त्यांचें सूत्र. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं त्यांनीं कुरणशाळा काढली. पानें, बिया, दगड, शंख हींच साधनें केलीं. ज्या वस्तूंची माहिती शिक्षिकेपेक्षां मुलाला अधिक, तिच्याविषयीं विचारल्यावर मूल गप्प राहील कशाला? इकडे १९३७ सालीं वर्ध्याच्या परिषदेंतून गांधीजींची ‘नयी तालीम’ पुढें आली आणि हातानें काम करतां करतां शिकण्याचें तत्त्व तिनें मांडलें. ‘तालीम’ हा शब्द अशा रीतीनें आपल्या मूळ अर्थाकडे परतला, आणि विशेष हें कीं, पेठेंतील तालमीप्रमाणें येथेंहि नुसता ऐकणारा विद्यार्थी उरला नाहीं.

कोल्हापुरांत हाच विचार शहरी मुलांच्या बाबतींत लीलाताई पाटील यांनीं पुढें नेला. शिक्षकांना शिक्षण देण्यांत आयुष्याचा मोठा भाग घालविल्यावर १९८५ सालीं त्यांनीं सृजन आनंद विद्यालय सुरू केलें. मुलांच्या प्रश्नांना आणि त्यांच्या स्वतःच्या शब्दांतील लेखनाला तेथें पाठ्यपुस्तकाइतकाच मान होता. मुलानें स्वतःच्या भाषेंत लिहिलेली चार वाक्यें हेंहि एक उत्तरच आहे, आणि तें शिक्षकाला पुष्कळ कांहीं सांगून जातें, ही दृष्टि लीलाताईंच्या लेखनांतून महाराष्ट्रभरच्या शिक्षकांपर्यंत पोंचली. पुढें सातारा तालुक्यांतील कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळांत ज्ञानरचनावादाचे प्रयोग झाले. जमिनीवर आंखलेल्या आकृत्यांभोंवतीं मुलें गटांनीं बसूं लागलीं, आणि ते वर्ग पाहण्यासाठीं दूरदूरचे शिक्षक तेथें येऊं लागले. २०१५ सालीं राज्य सरकारनें हातीं घेतलेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमाचाहि रोख प्रत्येक मूल शिकलें पाहिजे यावरच होता.

आजच्या शिक्षकाजवळ उपायांची उणीव नाहीं. आधीं एकट्यानें विचार करावा, मग शेजाऱ्याशीं बोलावें आणि शेवटीं वर्गाला सांगावें, ही रीत अमेरिकेंतील फ्रँक लायमन यांनीं १९८१ सालीं मांडली; पण जोड लावण्याचें कसब ज्यानें तालमींत पाहिलें आहे त्याला ती परकी वाटणार नाहीं. नांवांच्या चिठ्ठ्या डब्यांत घालून एक एक काढावी, म्हणजे पुढच्या रांगेची मक्तेदारी मोडते. समजलें, अर्धवट समजलें, समजलें नाहीं, असें तीन रंगांच्या कार्डांनीं सर्वांनीं एकदम दाखवावें. आणि पाटी तर कोठें गेलीच नाहीं. मात्र या साऱ्या युक्त्यांना एक पथ्य आहे. चिठ्ठींत नांव निघालेल्या मुलाची चूक हंसण्यावारी नेली गेली, तर तीच चिठ्ठी छडीचें रूप घेते. ज्याच्या चुकीला वर्ग हंसतो, तें मूल दुसऱ्या दिवशीं पाटी वर धरीत नाहीं.

२००९ चा बालकांच्या शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्यानें शारीरिक शिक्षेला बंदी केलीच, शिवाय मूल भयमुक्त व्हावें आणि त्याला आपलें मत मोकळेपणानें मांडण्यास साहाय्य व्हावें, असेंहि अभ्यासक्रमाच्या तत्त्वांत नमूद केलें. १९१७ च्या कोल्हापुरी हुकुमानें मुलाला शाळेंत आणण्याचें कर्तव्य पालकावर टाकलें होतें. या कायद्यानें त्याला बोलतें करण्याचें कर्तव्य शाळेवर टाकलें. मधल्या ब्याण्णव वर्षांत हक्काची कल्पना हजेरीपासून आवाजापर्यंत येऊन पोंचली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

तरीहि कायद्यानें तिसरा दरवाजा उघडतो असें नाहीं. तो उघडण्याची किल्ली वर्गांत उभ्या असलेल्या शिक्षकाच्याच हातीं आहे, आणि ती फिरविण्यास लागतात ते दोनतीन सेकंद. प्रश्न विचारावा, थांबावें, आणि पुढच्या रांगेंतील वर झालेल्या हातांवरून नजर उचलून ती मागच्या भिंतीशीं बसलेल्या मुलापर्यंत न्यावी. तें मूल बोलेल तेव्हां त्याचें उत्तर कदाचित् चुकीचें असेल. हौद्यांत उतरलेल्या नव्या पोराचा पहिला डावहि चुकतोच. म्हणून वस्ताद त्याला काठावर बसवून ठेवीत नाहीं.